तांदळाची पिठी

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पाठीवर तांदळाच्या दोन पिशव्या बांधून कॉलेजच्या स्टेडियमच्या पायऱ्या चढलो, हे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना कळलं तेव्हा त्यांनी परस्पर निदान करून टाकलं की दिगंबरला म्हातारचळ लागलाय. जरा सभ्य होते ते म्हणाले, धक्का बसलाय, माणूस असं करतो. मला दोन्ही निदानं मान्य नव्हती. मी पूर्ण शुद्धीवर होतो. मला डोंगरात जायचं होतं आणि हँक मला नेत नव्हता, एवढीच गोष्ट होती.

हँक हा इथल्या डोंगरी बचाव पथकाचा प्रमुख. साठीचा माणूस, लाकूडतोड्यांच्या घरात वाढलेला, महिन्याकाठी शंभर शब्द बोलत असेल. जानेवारीत सहा दिवस त्याने आमच्या विक्रमला शोधलं होतं.

विक्रम आमचा एकुलता एक. जन्म सिॲटलचा, वय वीस. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारा, पण गुळाची पोळी मात्र मराठीतच मागणारा. तो आठ वर्षांचा असल्यापासून मी त्याला शनिवारी स्की शिकायला न्यायचो. तिथे गारठत नुसतं उभं राहण्यापेक्षा मीही शिकलो. पुढे तो मोठा झाला, त्याला तयार उतारांचा कंटाळा आला आणि तो स्की लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचा नाद करू लागला. त्याची जुनी जोडी त्याने मला दिली. दोन हिवाळे मी त्याच्या मागे धापा टाकत चढलो. दर वळणावर थांबून तो म्हणायचा, "टेक युअर टाइम, बाबा." मला त्याचा राग यायचा.

संक्रांत त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, शनिवारी आली होती. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर जाणाऱ्या मित्राचा फोन आला, ताप आहे, येत नाही. "मग ट्रिप कॅन्सल कर," मी म्हणालो. "बाबा, इट्स जस्ट अ डे ट्रिप. आय नो द प्लेस," तो म्हणाला. मी आणखी बोलायला हवं होतं. मी पेपर वाचत होतो. प्रतिमाने, माझ्या बायकोने, त्याच्या सॅकमध्ये चार गुळाच्या पोळ्या घातल्या. तो लवकर झोपला आणि पहाटे चारला बेलव्ह्यूच्या आमच्या घरून निघून गेला.

रविवारी त्याची गाडी पायथ्याशी सापडली. मंगळवारी हेलिकॉप्टरमधून खिंडीपलीकडच्या खोऱ्यात बर्फात उभी खोवलेली स्कीची एक काठी दिसली. बुधवारी वादळ आलं, वरचा सगळा उतार कोसळून त्या खोऱ्यात जाऊन पडला आणि काठीसुद्धा दिसेनाशी झाली. शुक्रवारी शोध थांबवला.

थांबवताना हँक आमच्या स्वयंपाकघरात बसून एकच वाक्य बोलला. "उतरला ते समजतं. बर्फ छान होतं, मीही उतरलो असतो. पण परत वर का चढला नाही? त्याच्यासारख्याला ती खिंड चाळीस मिनिटांची."

हा प्रश्न तो तिथे टेबलावर ठेवून गेला आणि तीन महिने मी त्याच्याबरोबर जेवलो, झोपलो, ऑफिसला गेलो. प्रतिमाने तो ऐकला की नाही, मला माहीत नाही. तिने दारातला दिवा बंद करणं सोडून दिलं होतं. मंडळातली एक बाई बोलताना 'विक्रम होता' म्हणाली, तर प्रतिमाने तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. ती बाई पुन्हा आली नाही.

एप्रिलच्या शेवटी बर्फ बसतं, उतार शांत होतात, तेव्हा पथक पुन्हा जाणार होतं. चार दिवस, तंबू टाकून. मी हँककडे चार वेळा गेलो. चारही वेळा तो म्हणाला, आईवडिलांना नेत नाही. पाचव्या वेळी मी त्याच्या अंगणात बसूनच राहिलो. पाऊस पडत होता. तासाभराने तो बाहेर आला.

"नव्या लोकांचा आठवडा आहे सोमवारपासून," तो म्हणाला. "त्यांच्याबरोबर सगळं कर. शनिवारी परीक्षा. त्यांच्याबरोबर टिकलास तर नेईन. नाहीतर घरी फोनजवळ बसायचं आणि माझ्या अंगणात यायचं नाही."

मला माझा मुलगा माझ्या हातांनी आणायचा होता. त्याला परक्यांनी उचलावं हे मला सहन होणार नव्हतं. मी ऑफिसातून रजा घेतली.

सोमवारी त्या पायऱ्या. चाळीस पौंड वजन पाठीवर हवं होतं. बाकीच्यांनी वाळू आणली होती. आमच्या घरात वजनाची वस्तू म्हणजे तांदूळ. अकरावी फेरी संपली तेव्हा मी कठड्याला धरून ओकलो. शेजारून वीस-बावीस वर्षांची पोरं टणाटण उड्या मारत वर जात होती आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाची पाठ मला विक्रमची वाटत होती.

मंगळवारी डोंगर. इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्की लावून चढायचं तर स्कीच्या तळाला लांब पट्टे चिकटवावे लागतात. एका बाजूला आखूड ताठ केस. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. दुसऱ्या बाजूला गोंद, जो कधी वाळत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टे उपटून काढायचे, गोंदाला गोंद लावून घडी घालायची आणि उतरायचं. पुन्हा चढायचं तर पुन्हा घडी सोडवून चिकटवायचे. सगळा जीव त्या गोंदात असतो.

ही घडी सोडवणं म्हणजे महाकर्मकठीण काम. घरी आलो की पट्टे ओले असायचे, वाळत घालायला हवेत. मग स्वयंपाकघरात एक टोक मी धरायचो, दुसरं प्रतिमा, आणि दोघं विरुद्ध दिशांना ओढायचो. विक्रम होता तेव्हा हे काम त्या मायलेकांचं. "आई, पुल!" तो ओरडायचा आणि पट्टे सुटले की ती धडपडत फ्रिजवर जाऊन आदळायची. मंगळवारी तिने टोक धरलं, ओढलं आणि आत निघून गेली.

बुधवारी अठरा मैल चाललो. गुरुवारी पुन्हा डोंगर, दोनदा चढ, दोनदा उतार. माझ्या टाचांची सालं निघाली. हँक पायाकडे बघून म्हणाला, "घरी जायचंय?" मी त्याला मराठीत एक शिवी दिली. त्याला ती बहुतेक समजली.

शुक्रवारी घसरगाडी. जखमी माणसाला बर्फावरून ओढून आणायची ती लांब गाडी असते. सरावासाठी आत एका मुलीला झोपवलं होतं, पांघरुणात घट्ट बांधून. आम्ही चौघं दोर धरून तिला तीन मैल ओढत होतो. तिला थंडी वाजत होती म्हणून ती गुणगुणत होती. हँक सगळा वेळ माझ्या बाजूने चालत होता. मी कधी मोडतो हे बघत असणार. मी मोडलो नाही, कारण ती गुणगुणत होती. ती गप्प झाली असती तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी ताटावर बसल्याबसल्या झोपलो. प्रतिमाने मला उठवून पलंगावर नेलं. "पट्टे," मी म्हणालो. "मी ठेवते घडी घालून," ती म्हणाली. पहाटे सॅक दारात तयार होती. पट्टे आत होते, कपड्याची घालावी तशी सुबक घडी.

शनिवारची परीक्षा सोपी होती, म्हणजे सांगायला. एक खिंड चढायची, पलीकडे तळ्याकाठी उतरायचं आणि त्याच वाटेने परत वर यायचं. परतीच्या चढाला एक तास. हँकने ती जागा मुद्दाम निवडली होती, विक्रमच्या खिंडीसारखीच, फक्त लहान.

पार्किंगमध्ये अंधार होता. पट्टे गाडीच्या हीटरपुढे उबदार झाले होते, मी ते तळहाताने रगडून चिकटवले. आज घडी कशी पटकन सुटली, असं वाटून गेलं, पण विचार करायला फुरसत कोणाला होती. पहिला चढ मी शेवटून दुसरा पोचलो. शेवटून दुसरा! आठवड्यात पहिल्यांदा मला वाटलं की जमतंय. उतरतानाही पडलो नाही.

तळ्याकाठी पुन्हा पट्टे चिकटवले आणि निघालो. वीस पावलांवर डावा पट्टा मागून सुटला. परत चिकटवला. दहा पावलांवर दोन्ही सुटले. पुसले, काखेत धरून ऊब दिली, चिकटवले. पाच पावलं. शेवटी ते चिकटेचनात, ओल्या चिंध्यांसारखे लोंबायला लागले. बाकीचे वर वर जात दिसेनासे झाले. मी स्की खांद्यावर घेतल्या आणि पायी निघालो. प्रत्येक पावलाला मांडीपर्यंत आत. पाय उपसायचा, पुढे टाकायचा, पुन्हा मांडीपर्यंत आत. पाऊण तासात मी तीन घरांच्या उंचीएवढाही चढलो नसेन. वारा सुटला होता. अंगातला घाम गार पडायला लागला आणि मला नुसतं बसावंसं वाटलं. दोनच मिनिटं बसू, असं मनात आलं, आणि खरं सांगतो, ते फार गोड वाटलं.

बसलोच होतो, तेवढ्यात हँक वरून उतरत आला. त्याने पट्टा हातात घेतला, चाकूच्या पात्याने गोंद खरवडला. पात्यावर पांढरा चिकट लगदा आला. त्याने तो हुंगला.

"हे काय?"

"पिठी," मी म्हणालो. मग इंग्रजीत सांगितलं, तांदळाचं पीठ. "बायकोने लावली असणार. आमच्याकडे पोळी लाटताना लावतात, चिकटू नये म्हणून."

हँक बराच वेळ त्या पात्याकडे बघत राहिला. मग वर खिंडीकडे बघितलं. मग पातं पँटला पुसून चाकू मिटला. "उद्या सकाळी ये," तो म्हणाला. "परत घेतो परीक्षा. पट्टे मी देईन."

मला वाटलं, त्याला माझी दया आली. त्याचा मला राग आला, पण त्याहून शंभरपट राग प्रतिमाचा आला. पूर्ण आठवडा हाडांची काडं केली आणि हिने एका चिमटीत त्यावर पाणी फिरवलं. घरी पोचेपर्यंत दीड तास मी गाडीत एकटाच बडबडत होतो. अठ्ठावीस वर्षं झाली तुझ्या स्वयंपाकघराच्या कारभाराला, जिथे तिथे तुझे हात, कोणी सांगितलं होतं, कोणी विचारलं होतं. वाक्यं अगदी घासून तयार ठेवली होती.

प्रतिमा ओट्याशी भाजी चिरत होती. मी पट्टे ओट्यावर टाकले. "हे तू केलंस?"

ती वळली आणि हसली. जानेवारीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"सुटले ना सहज?" ती म्हणाली. "रोज दोघं ओढतो तेव्हा कुठे निघतात. म्हटलं, डोंगरावर तुमच्यासमोर दुसरं टोक कोण धरणार? विक्रमच्याही मी तसंच केलं होतं, तो मित्र येणार नव्हता ना त्या दिवशी. एकटा कसा ओढेल पोर. पोळ्यांची पिठी ओट्यावरच होती, नखभर लावली झालं. झोपला होता, त्याला सांगितलंसुद्धा नाही. म्हटलं वर गेल्यावर कळेल की आईने केलंय."

माझं तोंड उघडं होतं. तयार वाक्यांतलं पहिलं वाक्य जिभेवर होतं.

"सुटले," मी म्हणालो. "अगदी सहज सुटले."

"बघा," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

मी गॅरेजमध्ये गेलो, गाडीत बसलो, दार लावून घेतलं आणि रडलो. विक्रम गेल्यापासून मी नीट रडलो नव्हतो. परत वर का चढला नाही, ह्याचं उत्तर मला मिळालं होतं आणि ते माझ्या ओट्यावरच्या डब्यात होतं. वर गेल्यावर कळेल, ती म्हणाली होती. कळलं असणारच त्याला. पांढरं पीठ बोटाला लागलं असेल, त्याने ओळखलं असेल. त्या घरात पिठी दुसरं कोण लावणार? तो चिडला असेल का? माझा मुलगा तो, चिडला असेल. आणि मग मांडीमांडी बर्फात चालायला लागला असेल आणि मग दोन मिनिटं बसला असेल.

प्रतिमाला दोष द्यावा असं मला एक क्षणही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. त्या गाडीत बसून मी तिचा द्वेष केला, पाच मिनिटं, मनापासून. मग मला पेपर आठवला. त्या शुक्रवारी मी हातातला पेपर बाजूला ठेवला नव्हता.

आणि मग तोंडचं पाणी पळवणारी गोष्ट लक्षात आली. पथकाला तो सापडला की त्याची सॅक उघडतील. प्रत्येक वस्तूची यादी करतील, तिची अवस्था लिहितील, कारणं लिहितील. तो कागद घरी येईल. प्रतिमा इथल्या लायब्ररीत काम करते, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं वाचते. आज सकाळपर्यंत मला फक्त मुलाला आणायला जायचं होतं. आता मला तिथे सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं.

रविवारी सकाळी हँकने आपली जुनी जोडी माझ्या हातात दिली. बाकी कोणी आलं नव्हतं, तो आणि मीच. परतीच्या चढावर टाचांतून रक्त येऊन मोजे बुटाला चिकटले. छातीत कळ आली तेव्हा ती हृदयाची असेल तर असो, पण वर गेल्यावर येऊ दे, एवढंच मी म्हणत होतो. थांबलो नाही. थांबलं की बसावंसं वाटतं, हे मला आता ठाऊक होतं. खिंडीत पोचलो तेव्हा हँकने घड्याळ दाखवलं. एकोणसाठ मिनिटं. विक्रम म्हणाला असता, टेक युअर टाइम, बाबा.

आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो. हँकने थर्मासमधली कॉफी ओतली आणि महिन्याच्या हिशेबातले बरेच शब्द एकदम खर्च केले.

"गुरुवारी निघतोय. सॅक मिळाली की ती तू उघडायचीस. तू एकट्याने. आम्ही बाजूला थांबू. यादी त्यानंतर करू. बर्फात पट्टे खूपदा हरवतात, कोणी विचारत नाही."

त्याला कालच कळलं होतं, पात्याकडे बघता बघता, माझ्याही आधी. मी मान हलवली.

"हे तुझ्याकडे राहू देत," माझ्या हातातल्या त्याच्या पट्ट्यांकडे बघून तो म्हणाला.

ते मी गाडीच्या डिकीत, सुट्या चाकाखाली ठेवले आणि घरी आलो. प्रतिमा दारातच उभी होती. "घेतलं मला," मी सांगितलं. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि लगेच उठली. चार दिवसांच्या दशम्या करायच्या होत्या, लोकरीचे मोजे शोधायचे होते. विक्रमचेही मोजे तिने काढले. त्याचे पाय गार पडले असतील, म्हणाली. मी ते सॅकमध्ये ठेवले.

मग तिने न्हाणीघरात वाळत घातलेले माझे जुने पट्टे आणले. हँकने खरवडलेली जागा तिच्या लक्षात आली नाही. टेबलावर एक पट्टा पसरला, पिठीचा डबा उघडला आणि पोळपाटावर भुरभुरावी तशी चिमटीने, टोकापासून टोकापर्यंत, कुठे कमीजास्त न होऊ देता पिठी लावायला लागली. मी तिचा हात धरू शकलो असतो. धरून काय सांगितलं असतं?

"किती जण जाताय?" तिने विचारलं.

"सात."

"मग सगळ्यांचेच घेऊन या ना बुधवारी. एवढी मदत करताहेत बिचारे. पिठी काय, डबाभर आहे."

"बघतो," मी म्हणालो, आणि तिला नीट लावता यावी म्हणून पट्ट्याचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.